पाचव्या पुस्तकाबद्दल दोन ओळी

आमच्या गावच्या वाचनालयाचा दर दिवाळीला हस्तलिखित अंक निघतो. निघतो म्हणजे एकच प्रत. ग्रंथपाल बाई आपल्या वळणदार अक्षरात तो लिहून काढतात, समासात वेलबुट्टी काढतात, आणि मग वर्षभर तो टेबलावर पडून असतो. येणारा-जाणारा चाळतो, पानांवर चहाचे डाग पडतात. त्यातलं 'यंदा वाचलेली पुस्तकं' हे सदर बरीच वर्षं माझ्याकडे आहे. मी सातवीतून शाळा सोडलेला माणूस. पुढे तीस वर्षं बंदरावर ट्रेलर चालवला. कंटेनर घेऊन गेटच्या रांगेत उभं राहिलं की चार तास, सहा तास, कधी अख्खा दिवस जायचा. बाकीचे ड्रायव्हर पत्ते कुटायचे, मी वाचायचो. चिडवायचे, "काय मास्तर, कलेक्टर व्हायचंय काय?" कलेक्टर काही झालो नाही. गुडघे गेले, गाडी सुटली, वाचन तेवढं राहिलं.

यंदा बाई म्हणाल्या, "काका, जरा गोड लिहा हं. मागच्या वर्षी ते लेखक रागावले."

म्हटलं, "एका प्रतीचा अंक, त्यांना कळलंच कसं?"

तर कोणीतरी फोनवर फोटो काढून पाठवला होता. घ्या! आमच्या गावात वाचणारे चार, पण चहाडी करणारे चाळीस. बाईंनी पाच पुस्तकांसाठी जागा ठेवली होती. चार पुस्तकांना अर्धं-अर्धं पान, आणि पाचव्याला अख्खं पान, तेही आधीच चौकट आखून. पाचवं पुस्तक माझ्या धाकट्या भावाचं आहे.

"त्याच्यावर तुम्हीच लिहायचं," बाई म्हणाल्या. "घरचा माणूस लिहितो तेव्हा वेगळंच लिहितो." मी पुस्तकं पिशवीत घातली आणि घरी आलो.

पहिलं पुस्तक, मुंबईतल्या एका जोडप्याची कादंबरी. वेगळं व्हायचं की नाही यावर दोघं अडीचशे पानं बोलतात. घर बाराव्या मजल्यावर, गॅलरीतून खाडी दिसते. संध्याकाळी त्या रिकाम्या खाडीकडे बघून कादंबरीतल्या बाईंना आपलं आयुष्य रिकामं वाटायला लागतं. अहो बाई, ती ओहोटी आहे. सहा तास थांबा, भरेल. पण एक पान लेखकाने खरं लिहिलंय. पंखा दोनवर ठेवायचा की चारवर, यावरून दोघं भांडतात आणि भांडता-भांडता दहा वर्षांपूर्वीचं काढतात. ते पान मी दोनदा वाचलं. आमच्याही घरी पंख्याचंच भांडण असतं.

दुसरं, काशीदजवळ जागा घेऊन राहायला आलेल्या एका गृहस्थाचं. नोकरी सोडली, शहर सोडलं, आणि इथे येऊन म्हणे त्यांना स्वतःचा शोध लागला. बरं झालं. आम्हाला अजून लागायचाय. पुस्तकात सुरूची झाडं आहेत, समुद्राची गाज आहे, मातीच्या भिंती आहेत आणि 'इथली साधी माणसं' आहेत. ही साधी माणसं पुस्तकभर एक वाक्य बोलत नाहीत. फक्त हसतात, नारळ सोलतात आणि निघून जातात. दुरून डोंगर साजरे म्हणतात, या गृहस्थांना जवळ येऊनही साजरेच दिसतात. पुस्तकाचा कागद मात्र फार चांगला आहे. भजी ठेवली तरी तेल दुसऱ्या बाजूला उतरणार नाही.

तिसरा कवितासंग्रह. त्याच्याबद्दल बोलायचा माझा अधिकार नाही. एका पानावर चार शब्द, बाकी पांढरं. तीन वेळा वाचला. तिसऱ्यांदा एका कवितेपाशी पुस्तक मिटून अंगणात जाऊन बसलो, पण कशाने ते मला सांगता येणार नाही. कवीने रागावू नये. वाचक अडाणी असू शकतो.

चौथ्यासाठी बाईंना सांगितलंय, दोन प्रती मागवा. माणगावकडच्या एका शिक्षिकेच्या कथा आहेत. त्यातली एक अंगणवाडीच्या बाईची. माणगावच्या स्टँडवर ती तळा गावच्या एसटीची वाट बघत बसलेली असते. गाडी येत नाही, आणि त्या तासाभरात तिच्या पिशवीत काय-काय आहे एवढंच लेखिका सांगते. सुकट, रजिस्टर, सासऱ्याचं औषध, स्वतःची एक न वापरलेली लिपस्टिक. संपली गोष्ट. कोणी मरत नाही, कोणी रडत नाही. मी त्या स्टँडवर शंभरदा बसलोय, पण शेजारच्या बाईच्या पिशवीत काय असेल असा विचार कधी केला नव्हता. आपण बघितलेलं लिहायचं आणि दुसऱ्याचं असेल तर ते दुसऱ्याचं म्हणून लिहायचं, एवढं साधं काम आहे. पण ते जमायला दानत लागते.

चार झाली. पाचव्याला पंधरा दिवस हात लागत नव्हता.

आमची मिठागरात राबणारी घरं. बापूस मिठागरात, आई मिठागरात. मी तेरा वर्षांचा होतो तेव्हा बापसाची कंबर गेली आणि त्याच्या जागी मी उतरलो. धाकटा तेव्हा पाच वर्षांचा. तो हुशार, ते सगळ्यांना दिसत होतं. मलाही दिसत होतं. त्याला शाळेतून काढायचं नाही हे आईने ठरवलं, मी नाही म्हटलं नाही. पुढे त्याला वसतिगृहात ठेवला, मग कॉलेज, मग नवी मुंबईत नोकरी. मिठागरं बुजली, त्यावर गोदामं उभी राहिली, मी ट्रेलरवर गेलो. यात कोणाचा दोष नाही. माझं शिक्षण गेलं याचंही मला फार काही नाही, खरंच सांगतो.

तीनेक वर्षांपूर्वी धाकटा सुट्टीत घरी आला आणि म्हणाला, "दादा, मिठागराचं सांग ना. सगळं सांग." फोन मध्ये ठेवला, रेकॉर्डिंग चालू केलं. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला विचारत होतं. दोन संध्याकाळी मी बोलत होतो. उधाणाचं पाणी आत कसं घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात कसं फिरवायचं, मीठ धरायला लागलं की वास कसा बदलतो, सगळं. आणि टाचेचं सांगितलं.

पाऊस सरला की मिठाच्या वाफ्यांचा तळ पायांनी तुडवायचा असतो. रोज, पहाटेपासून, पावलाला पाऊल लावून. तुडवून-तुडवून तो सारवलेल्या अंगणासारखा घट्ट झाला पाहिजे, नाहीतर मिठात चिखल येतो. पहिल्याच वर्षी तुडवताना चिखलातली कालवाची शिंप माझ्या डाव्या टाचेत घुसली. चांगली दोन बोटं आत. आईने ती दातांनी ओढून काढली, हळद दाबली, आपल्या लुगड्याचा पदर फाडून बांधला, आणि तिसऱ्या दिवशी मी पुन्हा वाफ्यात. खारं पाणी त्या जखमेत गेल्यावर मी ओरडू नये म्हणून तोंडात गमछा धरला होता. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. धाकट्याला सांगितलं.

पुस्तक आलं. पुरस्कार मिळाला, पेपरात फोटो आला. धाकटा प्रत घेऊन घरी आला, आईच्या हातात दिली, तिच्यासोबत फोटो काढला. पहिल्याच पानावर छापलंय, 'दादाला, ज्याने हे सगळं जवळून पाहिलं.'

मला वाटलं, वा! मग पुढे वाचलं.

पुस्तकात मिठागरात उतरलेला पोरगा 'मी' आहे, आणि तो 'मी' मी नाही. तोंडात गमछा त्याच्या, टाच त्याची, डावीच. पदर त्याच्यासाठी फाटलाय. वसतिगृहात गेलेला कोणी नाहीच. एक मोठा भाऊ आहे, तो बांधावर उभा राहून बघतो. मिठागराच्या पंचवीस पानांत तो दोनदा येतो. एकदा पाण्याचा तांब्या देतो आणि एकदा 'जमेल रे तुला' म्हणतो. आयत्या बिळावर नागोबा ऐकलं होतं. इथे तर बीळ खणणाऱ्यालाच बाहेर बघत उभा केला होता.

फोन लावला. म्हटलं, "अरे, टाच माझी ना?"

तो हसला. रागावला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "दादा, ते ललित आहे. त्यातला मी म्हणजे मीच, असं नसतं. त्यातला मी म्हणजे आपण सगळे."

"सगळ्यांच्या टाचेत शिंप नव्हती घुसली."

"तुझ्याबद्दल लिहिलंय की. अर्पणपत्रिका वाचलीस ना? आणि दादा, आपल्या घराचंच तर आहे सगळं. तुझं-माझं कसलं करतोस?"

तुझं-माझं करणारा मी ठरलो. फोन ठेवला आणि पुस्तक पुन्हा उघडलं, आणि मग ती चूक सापडली. तुडवायचं प्रकरण त्याने वैशाखात घातलंय. 'वैशाखाच्या वणव्यात तापलेला चिखल पावलं भाजत होता,' असं लिहिलंय. डोंबल तुझं! वैशाखात वाफ्यात मीठ पडलेलं असतं. तेव्हा तळ तुडवशील तर खाशील काय? तुडवतात दिवाळी झाल्यावर, पहाटेच्या गारठ्यात, आणि चिखल इतका थंड असतो की पाय आहेत की नाहीत ते कळत नाही. म्हणून तर शिंप दोन बोटं आत जाईपर्यंत मला पत्ता लागला नाही.

रेकॉर्डिंगच्या वेळी मी महिना सांगितलाच नव्हता. आमच्यात तो कोणी सांगत नाही. पाऊस सरला की तुडवायचं, हे काय सांगायचं असतं? मिठागरातल्या कोणत्याही पोराला ते माहीत. त्याला माहीत नव्हतं, कारण तो कधी आत उतरलाच नव्हता. मला इतकं बरं वाटलं त्या चुकीने, की लाज वाटावी. पण ती चूक कळणार कोणाला? पुरस्कार देणाऱ्यांना? बापूस गेला. बरोबरचे तुडवणारे एकेक करत गेले. ती टाच माझी होती हे सांगणारं जगात आता एकच माणूस उरलं होतं, आमची आई.

आईचं वय झालंय. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय तरी दिसतं बेताचंच, पण कान शाबूत आहेत. अक्षरओळख नाही. पुस्तक आल्यापासून रोज मागे लागली होती, "वाच की रं. माज्या बालाचा पुस्तक मला दिसंल कवा?" आणि मी रोज टाळत होतो. आता मीच ठरवलं, वाचायचं. तिच्यासाठी नाही, स्वतःसाठी. मला पुरस्कारात वाटा नको होता, पेपरात फोटो नको होता. तिने फक्त मधेच थांबवून म्हणावं, 'आरं, हा तर तू व्हतास.' एवढं एक वाक्य. मग मी चौकटीच्या त्या अख्ख्या पानावर वाटेल तितकं गोड लिहायला तयार होतो.

दुपारी ओटीवर बसलो. ती भिजवलेले वाल सोलत होती, बिरड्यासाठी. वाल सोलायला तिला डोळे लागत नाहीत. मी वाचायला लागलो. शब्दन् शब्द तसाच वाचला, 'मी'च्या जागी 'मी'. माझ्याच तोंडून ते ऐकताना तरी तिला कळेल, असं मला वाटत होतं. आवाज माझा, गोष्ट माझी, समोर बसलेला मी. आणखी काय पाहिजे?

उधाणाचं पान झालं. ती "व्हय, व्हय" करत होती. बापसाची कंबर गेली तिथे तिने पदराने डोळे टिपले. मग वैशाख आला. 'वैशाखाच्या वणव्यात तापलेला चिखल...'

तिचे हात थांबले.

"थांब," ती म्हणाली. "वैशाखान कोन तुडवतं?"

मी पुढे सरकून बसलो. म्हटलं, "मग कधी तुडवतात, आये?"

"दिवाली झाल्यावं. थंडीचा. वैशाखान तुडवलंस तर मीठ जाईल ना समदा." ती मान हलवत राहिली. "चुकलाय त्यो. म्हैना चुकलाय."

"का चुकला असेल?" मी विचारलं. आवाज जरा चढलाच माझा. "जो तुडवतो तो चुकेल का?"

ती विचार करत बसली. एक वाल सोलला, दुसरा सोलला. मी पुस्तक मिटून वाट बघत होतो. कोंबड्या अंगणात आल्या तर त्यांनाही हाकललं नाही, तिचं लक्ष मोडेल म्हणून.

"बारकाच व्हता रं त्यो," शेवटी ती म्हणाली. "पाय फुटलेला, रगात कवडा गेल्ता त्याचा. म्या दातान् काढली शिंप. तवा त्याला म्हैना काय आठवनार? लई सोसलं माज्या धाकल्यानी." आणि ती रडायला लागली. तोंडाला पदर लावून, हुंदके देऊन.

मला राग आला. आईवर राग आला, हे लिहायला लाज वाटते, पण आला. ओरडून सांगावंसं वाटलं, तो तेव्हा पाच वर्षांचा होता गो, तुझ्या कडेवर होता! पण ऐंशी ओलांडलेल्या म्हातारीपुढे हिशेब मांडून सिद्ध करायचं, की तू माझ्यासाठी पदर फाडला होतास? सिद्ध करून मिळवलेलं ते काय कामाचं? मी लेंगा वर केला आणि डावी टाच तिच्या पुढ्यात, वालांच्या परातीशेजारी ठेवली. तिचं बोट धरलं आणि त्या वणावर नेऊन ठेवलं. जाड आहे तो वण, आंधळ्यालाही लागेल. तिने बोट इकडून तिकडे फिरवलं. पुन्हा फिरवलं.

"आगं बाय," ती म्हणाली. "तुलाबी लागलं व्हतं?"

"व्हय," मी म्हटलं. "मलाबी."

"कवा रं? मला कसं न्हाय सांगलंस?"

मी टाच मागे घेतली. म्हटलं, ट्रेलरवर असताना लागलं होतं, पत्रा लागला होता. ती म्हणाली, जपून ऱ्हावं. मग पुढचं वाच म्हणाली. मी वाचलं. तांब्या देणाऱ्या भावाचं पान आलं तेव्हा माझा दंड चाचपडून धरला आणि म्हणाली, "तू पन करायचास हां त्याचं." म्हणजे माझ्या वाट्याला तेवढं आलं, एक तांब्या पाणी. संध्याकाळी बिरडं झालं, आणि मी दोन वेळा भात घेतला. माणूस जेवतोच.

दुसऱ्या दिवशी वाचनालयात गेलो. चार पुस्तकांचं बाईंना दिलं. काशीदवाल्या गृहस्थांची भजी त्यांनी काढून टाकली, मी वाद घातला नाही. पाचव्याची चौकट रिकामी होती. बाई म्हणाल्या, "काका, हे पान तुमच्या अक्षरात राहू दे." पेन पुढे केलं. चार-पाच ओळीच झाल्या. त्यांनी वाचलं, चौकटीतल्या उरलेल्या कोऱ्या जागेकडे बघितलं आणि म्हणाल्या, "एवढंच?"

म्हटलं, "एवढंच आहे."

अंक आता टेबलावर आहे. कोणाला फोटो काढून धाकट्याला पाठवायचा असेल तर खुशाल पाठवा. मी लिहिलंय ते असं:

'पुस्तक चांगलं आहे. जरूर वाचावं. एक चूक आहे. मिठागराचा तळ वैशाखात तुडवत नाहीत, दिवाळी झाल्यावर तुडवतात. ही चूक आमच्या आईने काढली. बाकी सगळं बरोबर आहे, असं तिचं म्हणणं आहे.'